घडणावळ

पिंप्राळ्याच्या फाटकाशी मालगाडी आडवी.
एकेक वाघीण सरकते
तशी मी मनात म्हणते, नऊ हजार, नऊ हजार.
गार्डाचा डबा येईस्तोवर
माझे मीच आठ करून टाकलेले.

काल बागेत कोकिळा हसली होती.
तिला एकच पोरगा, तोही दुपारभर झोपणारा,
भाकऱ्या नाहीत, कपडे नाहीत,
तरी साडेसात.
म्हणाली, ‘आख्खा गावना भाव वाढना,
तुन्हाच काब्र नही वाढना?’

मला सहा.
गार्गी तीन महिन्यांची होती तेव्हापासून सहा.
तेव्हा ठेवली तिथे राहायची.
आता जिना चढते, नळ सोडून देते,
चपला पाण्याच्या टाकीत टाकते,
आणि मे महिन्यात, रस्त्याचं डांबर मऊ पडतं तेव्हा,
कूलरच्या जाळीत बोटं घालते.
मी दुपारभर तिच्या आणि कूलरच्या मध्ये
पाठ ओली करत बसलेली.
हे कुठल्या तागडीत घालायचं?

भाऊंचं दुकान सराफ बाजारात.
काटा काचेच्या पेटीत,
फुंकरीनेही हलतो.
भाव रोज पाटीवर,
कालचा पुसून आजचा.
कोणी गिऱ्हाईक म्हणत नाही
की दोन वर्षांपूर्वीच्या भावाने द्या,
आपण घरचेच.

ताईंनी चहा दिला, पाहुण्यांच्या कपात.
तेव्हाच कळलं, त्यांना कळलंय.
मी म्हणाले, ताई, ते पगाराचं…
पुढचं वाक्य फाटकाशीच राहिलेलं.
‘अगं बेबाबाई, पगार कसला, तू तर घरातलीच.’

घरातली,
म्हणून दिवाळीला साडी, ताईंना कोणीतरी नेसवलेली.
घरातली,
म्हणून रात्रीचे आठ वाजले तरी
घड्याळ कोणाला दिसत नाही.
सासू वारली तेव्हाचे पाच दिवस कापलेत ताई,
घरातल्या माणसाचे कापतात का?

हे शेवटचं मोठ्याने निघालं.
ठरवलं नव्हतं.
ताईंनी टीव्ही बंद केला.

भाऊ जेवता जेवता म्हणाले, बाजार मंदा आहे.
मी म्हटलं, भाऊ, मी सोन्याचे मागत नाही.
सोनं तुमचंच, आत झोपलंय.
मी घडणावळ मागते.

भाऊंचा घास हातातच.
मग म्हणाले, घडणावळीत आम्ही सणाला सूट देतो बरं.
म्हटलं, दोन वर्षं सणच चालला होता.
तेव्हा कुठे हसले.
ताई नाही हसल्या.

आठ हजार दोनशे.
महिन्याला दोन सुट्ट्या, न कापता.
आठनंतर थांबले तर तासाचे पन्नास.
रिक्षाचं राहिलं.
दुसरं बाळ आलं की बोलू, म्हणाल्या ताई, पोटावर हात ठेवून.
म्हटलं, आल्यावर नाही ताई, यायच्या आधी.

भाऊंनी दुकानाच्या कच्च्या पावतीमागे लिहिलं.
मी म्हटलं, तारीख?
मला वाचता येतं हे त्यांना
बहुतेक आजच कळलं.

तेवढ्यात आत गार्गी रडली.
ताई उठल्या, मी उठले,
दोघी दारात खांद्याला खांदा लागून अडकलो.
माझी वेळ संपली होती.
मी बाजूला झाले.
ती ताईंच्या कडेवरून माझ्याकडेच हात करत राहिली,
आणि मी चपला शोधत राहिले,
चपला समोरच होत्या.

परतताना फाटक उघडं.
तरी सवयीने थांबले.
मागचा सायकलवाला घंटी वाजवून वाजवून वैतागला.
पदराच्या गाठीत
पावती चुरचुरत होती.